साखर बंद की भाकर बंद?

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. सकाळी सातच्या सुमारास एक सून आपल्या सासऱ्यांना ऑटोत बसवून दवाखान्यात घेऊन आली. वय सत्तरीच्या पुढे. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, जीभ अडखळत होती. मधुमेहाचा माझाच जुना रुग्ण. बोटाला सुई टोचून रक्तातील साखर तपासली, तर ती ४८ निघाली. शिरेतून ग्लुकोज दिले. दहा-पंधरा मिनिटांत म्हातारबा उठून बसले आणि चहा मागू लागले.

"रात्री काय जेवले होते?" मी सुनेला विचारले.

"वरण अन् भाजी. भाकर तं तुमीच बंद केली ना, डॉक्टरसाहेब."

"मी? मी कधी भाकर बंद केली?"

"मागच्या खेपेले मामाजी तुमच्याकडून आले, अन् घरी सांगतलं, डॉक्टरनं भाकर बंद केली म्हणून. पंधरा दिवस झाले, भाकरीले हात नाही लावला त्यायनं."

मी सांगितले होते 'साखर बंद'. त्यांनी ऐकले 'भाकर बंद'. चहातली दोन चमचे साखर सुरूच होती आणि रात्रीची भाकर मात्र सुटली होती. त्यातच त्या दिवशी मी गोळीही वाढवून दिली होती. या प्रसंगाच्या आदल्या दिवशी ते शेतावर पायी जाऊन आले आणि सगळ्याचा हिशेब पहाटे झाला. सून वेळेवर उठली म्हणून निभावले.

वाचकहो, या प्रकरणात सर्वाधिक खटकणारी गोष्ट अशी, की मी हळू बोललो नव्हतो. त्यांना कमी ऐकू येते हे मला ठाऊक होते. म्हणून मी चांगले मोठ्याने सांगितले होते. बाहेर बाकावर बसलेल्या लोकांनीही ते ऐकले असेल. मोठा आवाज त्यांच्या कानापर्यंत पोचला होता, शब्द पोचला नव्हता. आणि मोठा आवाज म्हणजेच स्पष्ट आवाज, असे मी डॉक्टर असून इतकी वर्षे धरून चाललो होतो.

नंतर निवांतपणे विचारले तेव्हा म्हातारबा म्हणाले, "मले आयकू येते जी. समजत नाही." एवढे नेमके निदान त्यांच्या तोंडी तयार होते. मीच कधी विचारले नव्हते.

मोठा आवाज, उंच आवाज

आवाज मोठा आहे, आवाज चढला, उंच आवाजात बोलतो, दणदणीत, खणखणीत, कर्कश, गोंगाट, गलका, कल्ला. मराठीत आवाजाला शब्दांची वाण नाही. रोजच्या बोलण्यात आपण हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो आणि आपले काही अडत नाही. कानाचा आजार आला की मात्र अडते.

गावातील भजनी मंडळाची पेटी डोळ्यांसमोर आणा. डावीकडची पट्टी दाबली की सूर जाड येतो, उजवीकडची दाबली की बारीक येतो. हा झाला उंच-नीचपणा. शाळेच्या पुस्तकात त्याला उच्चनीचता म्हणतात. आता पट्टी तीच ठेवा आणि भाता जोराने हलवा. सूर तोच राहील, पण आवाज मोठा होईल. पट्टी बदलणे आणि भाता जोराने मारणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. डासाची गुणगुण फार उंच, पण फार लहान. ढोलाचा ठोका खालच्या सुराचा, पण मोठा. आपण 'उंच आवाजात बोला' म्हणतो तेव्हा पट्टी वर न्यायची की भाता मारायचा, हे त्या वाक्यातून कळत नाही.

उंच-नीचपणा मोजतात तो एका सेकंदात किती कंपने होतात यावरून, त्याचे एकक हर्ट्झ. तरुण, निरोगी कानाला साधारण २० पासून २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येते. वय वाढते तसे वरचे टोक आधी झिजते. म्हणजे कान म्हातारा होताना सगळीकडून सारखा म्हातारा होत नाही. पेटीच्या उजवीकडच्या पट्ट्या आधी जातात. डावीकडच्या बऱ्याच वर्षे शाबूत राहतात.

भाषेचे नुकसान नेमके इथे होते. आ, ओ, ऊ हे स्वर जाड आणि जोरकस असतात, बोलण्यातला मोठेपणा तेच देतात. स, श, फ, थ, ख, त ही व्यंजने क्षीण असतात आणि त्यांचा बराचसा भाग उंच कंपनांचा असतो. शब्दाचा अर्थ मात्र मुख्यत्वे व्यंजनांवर ठरतो. 'साखर' आणि 'भाकर' यांच्यातून व्यंजने काढून टाका, दोन्हींत सारखेच काहीतरी 'आ-अ' उरते. ताप आणि साप, सात आणि आठ, चार आणि फार, यांचेही तसेच. ज्याच्या कानाच्या उजवीकडच्या पट्ट्या गेल्या त्याला कोणीतरी बोलत आहे हे पक्के कळते, बोलणारा रागात आहे की प्रेमात हेही कळते, काय बोलत आहे ते कळत नाही. उरलेले तो अंदाजाने भरून काढतो. मधुमेहाच्या रुग्णाने 'बंद' या शब्दाआधी 'भाकर' भरली, यात त्याची चूक म्हणता येत नाही. नाही तरी डॉक्टर लोक काही ना काही खाणे बंदच करीत असतात!

मग ओरडून काय होते? ओरडताना स्वर फुगतात, लांबतात आणि पट्टीही वर जाते. व्यंजने जवळजवळ आहेत तेवढीच राहतात, उलट फुगलेल्या स्वरांखाली दबतात. म्हणजे ज्या भागाची गरज नाही तो आपण वाढवतो. बरे, ओरडणाऱ्याचा चेहरा रागावलेला दिसतो, तो वेगळाच त्रास.

तीव्रता बाहेर, मोठेपणा कानात

आता जरा बारीक फरक, पण वाचण्यासारखा आहे. आवाजाची तीव्रता आणि आवाजाचा मोठेपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तीव्रता म्हणजे हवेतून येणारी शक्ती. ती यंत्राने मोजता येते, ऐकायला कोणी नसले तरी ती असते. मोठेपणा म्हणजे ऐकणाऱ्याला तो आवाज जेवढा वाटतो तेवढा. तो कान आणि मेंदू मिळून ठरवतात.

तीव्रतेची पातळी डेसिबलमध्ये सांगतात. यातील 'बेल' हे अक्षर टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून आले. बेल यांची आई जवळजवळ बहिरी होती, पत्नीही बहिरी होती, आणि ते स्वतः बहिऱ्या मुलांचे शिक्षक होते. इतर लोक आईशी कर्ण्यातून ओरडून बोलत, तर हा मुलगा तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या, संथ आवाजात बोले आणि ते तिला समजे, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्या माणसाच्या नावाने आज आपण आवाज मोजतो, त्याला आवाज वाढवण्यापेक्षा जवळ जाणे अधिक उपयोगी पडले होते.

डेसिबलचा हिशेब आपल्या नेहमीच्या बेरजेसारखा नसतो. कुजबुज साधारण ३० डेसिबल, समोरासमोरचे बोलणे ६०, वर्दळीचा रस्ता ८० च्या आसपास. पण ६० म्हणजे ३० च्या दुप्पट नव्हे. दर १० डेसिबलला शक्ती दहापट होते. आणि कानाला मात्र तो आवाज सुमारे दुप्पटच वाटतो. एक ढोल वाजत असताना शेजारी तसाच दुसरा वाजू लागला, तर शक्ती दुप्पट झाली, डेसिबल फक्त ३ ने वाढले, आणि कानाला फरक जेमतेम जाणवला. दहा ढोल झाले की कुठे कान म्हणतो, आता दुप्पट झाले.

निसर्गाची ही सोय मोठी आहे. पानांची सळसळ आणि ढगांचा गडगडाट एकाच कानाने ऐकायचा म्हणजे कानाला हातचे राखून हिशेब करावाच लागतो. पण याच सोयीत धोका आहे. कानाच्या आतील नाजूक पेशींना इजा होते ती शक्तीने, आणि आपण अंदाज बांधतो तो मोठेपणावरून. 'काही फार मोठा आवाज नव्हता, डॉक्टरसाहेब' असे रुग्ण म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याच्या कानाने त्याला कमी करून सांगितलेले असते.

शिवाय सर्व सुरांना कान सारखा न्याय देत नाही. १९३३ साली अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी माणसांना निरनिराळे सूर ऐकवून, कोणता सूर किती तीव्र केला की सारखाच मोठा वाटतो, हे नोंदवले. १ हजार हर्ट्झचा हलका सूर जेवढा मोठा वाटतो तेवढा वाटायला १०० हर्ट्झच्या जाड सुराला २० डेसिबलहून अधिक जास्तीची गरज पडते. २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात आपला कान सर्वात तिखट असतो. डीजेचा जाड ठोका छातीत धडकतो, खिडकीची तावदाने थरथरवतो, पण कान त्याला त्या मानाने लहान समजतो.

सून हळू बोलते, आणि सासरा सोंग करतो

आपल्या म्हातारबांकडे परत येऊ. ते आमच्या जिल्ह्यातल्या एका कापड गिरणीत सत्तावीस वर्षे मागावर होते. मागखात्यात शेकडो माग एकदम चालत, तिथे ९५ ते १०० डेसिबल ही नवलाची गोष्ट नव्हती. त्यांना मी कानाच्या तपासणीसाठी पाठवले. तपासणीचा कागद आला तो वाचकांनीही एकदा समजून घ्यावा असा असतो. आडव्या रेषेवर सुरांची उंची मांडलेली असते, २५० पासून ८ हजार हर्ट्झपर्यंत. उभ्या रेषेवर तो सूर ऐकू येण्यासाठी किती डेसिबल लागले ते. उंच आणि मोठा हे दोन शब्द ज्या कागदावर कधी एकमेकांत मिसळत नाहीत, असा हा एकमेव कागद माझ्या पाहण्यात आहे. म्हातारबांना जाड सूर ३० डेसिबलच्या आत ऐकू येत होते. ४ हजार हर्ट्झला मात्र आलेख ७० पर्यंत घसरला होता. गोंगाटात काम केलेल्या कानाचा घाव पहिल्यांदा याच जागी पडतो. वयाची झीज त्यावर नंतर चढते.

आतील कानात शंखाच्या आकाराची एक नळी असते. तिच्यात प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. तोंडाजवळच्या पेशी उंच सूर पकडतात, आतल्या टोकाच्या जाड सूर. एकदा मेलेली केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. औषध नाही, टॉनिक नाही, कानात टाकायचे तेल तर नाहीच.

हा आलेख घरात काय भांडणे लावतो ते पाहा. मुलाचा आवाज जाड, तो बापाला समजतो. सुनेचा आणि नातीचा आवाज बारीक, तो समजत नाही. घरात बोलबाला होतो, 'बुढा पोराचं ऐकतो, सुनेचं ऐकत नाही.' स्वयंपाकघरात ताट पडले तर दचकतो, आणि चार हातांवरून 'जेवायला चला' म्हटले तर ढिम्म. 'पाहिजे तेवढं आयकू येते त्याले, सोंग करते.' मी अशी वाक्ये दवाखान्यात इतक्या वेळा ऐकली आहेत की एके काळी माझाही त्यावर थोडा विश्वास बसला होता. ताट पडल्याचा आवाज मोठा आणि सर्व सुरांचा, तो कोणत्या ना कोणत्या पट्टीतून आत शिरतोच. त्याला व्यंजने नसतात.

दुसरी तक्रार याहून चमत्कारिक वाटते. हळू बोलले तर म्हणतात, 'मोठ्यानं बोल.' मोठ्याने बोलले तर म्हणतात, 'ओरडते कायले? मी काय बहिरा आहो?' घरचे हैराण होतात. पण हेही सोंग नव्हे. निरोगी कानाला अगदी हलक्या आवाजापासून असह्य आवाजापर्यंत शंभराहून अधिक डेसिबलचा प्रशस्त रस्ता असतो. पेशी मेलेल्या कानात खालची पायरी वर सरकते, वरची मात्र तिथेच राहते. 'ऐकूच येत नाही' आणि 'कान फाटतात' यांच्यामध्ये थोडीच जागा उरते. त्या अरुंद जागेत तीव्रता जराशी वाढवली तरी मोठेपणा झपाट्याने वाढतो. बाहेर ५ डेसिबल वाढले, आणि आत जणू कोणी अंगावर ओरडले. आजोबा चिडके झाले नाहीत, त्यांच्या कानातल्या पायऱ्या जवळ आल्या आहेत.

याच म्हातारबांनी मला मागखात्यातली एक गोष्ट सांगितली. तिथे बोलणे ऐकू येत नसे, तेव्हा सगळे कामगार एकमेकांचे ओठ वाचत. ती सवय त्यांना अजून होती. समोर तोंड असले की ते निम्मे कानाने आणि निम्मे डोळ्यांनी ऐकत. मग मला आठवले. 'साखर बंद' म्हणताना मी मान खाली घालून चिठ्ठी लिहीत होतो. २०२० आणि २०२१ साली आम्ही सगळे मास्क बांधून बसलो होतो तेव्हा किती वृद्ध रुग्णांनी 'आता कानच गेले' म्हणून तक्रार केली होती, तेही आठवले. त्यांचे कान आधीच गेले होते. मास्कने त्यांचे ओठ झाकले आणि आवाजातला बारीक भाग आणखी कापला, एवढेच.

आवाजाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, नोंदवण्याजोगा आजार म्हणून लिहिलेला होता. हिंगणघाट, पुलगाव आणि आसपासचा सगळा मुलूख कापसाचा, गिरण्यांचा आणि जिनिंगचा. तरी या आजाराची नोंद झालेला कागद घेऊन माझ्याकडे आलेला एकही कामगार मला आठवत नाही. सगळे वयाच्या खात्यावर मांडून मोकळे होतात.

गोंगाट म्हणजे काय

मोठा आवाज आणि गोंगाट हेही एक नव्हेत. गोंगाट म्हणजे नको असलेला, दुसऱ्या आवाजाला झाकणारा आवाज. रात्री नळाचे थेंब ३० डेसिबलचेही नसतील, पण झोप उडवतात. तान्ह्या पोळ्याला पोरांनी केलेला कल्ला त्याहून कितीतरी मोठा, आणि आजीला तो गोड लागतो. म्हणून गोंगाटाची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला 'आवाज काही मोठा नाही' हे उत्तर पुरे होत नाही. उलट, आवडीचे गाणे १०० डेसिबलने वाजले तर तो गोंगाट वाटत नाही, पण केशपेशींना आवडनिवड कळत नाही.

कायद्याने डेसिबलचाच आधार घेतला आहे. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दवाखाने, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरचे शांतता क्षेत्र धरतात, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. हे आकडे कानाच्या कलाने मोजलेले असतात, म्हणजे कानाला कमी जाणवणारे जाड सूर यंत्रही कमी धरते. डीजेच्या ठोक्याने घराच्या भिंती हलतात आणि आकडा त्या मानाने सौम्य येतो, त्याचे एक कारण हे आहे. यंत्र बिघडलेले असतेच असे नाही.

लग्नाच्या हंगामात माझ्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी तरुण मुले येतात. कानात दडे बसले, गुंई-गुंई होत आहे. रात्रभर वरातीत डीजेच्या डब्यापुढे नाचलेले असतात. अमेरिकेतील नायॉश ही कामगार-आरोग्य संस्था ८५ डेसिबलमध्ये ८ तास ही कमाल मर्यादा सांगते आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटे. डब्याजवळ १०० च्या पुढेच असते. दडे एक-दोन दिवसांत सुटतात आणि मुलगा विसरतो. कान मात्र दर खेपेला थोडा थोडा खर्च होत राहतो, आणि त्या खर्चाची पावती वयाच्या पन्नाशीत मिळते. कानाला लावायच्या फोनच्या बोंड्यांचेही असेच. शेजारी बसलेल्याला तुमचे गाणे ऐकू येत असेल, तर ते कमी करा.

ही गुंई-गुंई म्हणजे कर्णनाद. बाहेर तीव्रता शून्य आणि आत आवाज मोठा. मोठेपणा कानात आणि मेंदूत असतो, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. रुग्णाला 'मनाचे खेळ आहेत' म्हणून परत पाठवू नये.

काय करावे

पहिले म्हणजे प्रश्न बदलावा. घरातील वृद्धाला 'ऐकू येते का?' असे विचारले तर तो 'हो' म्हणेल आणि ते खरेच असेल. 'बोलणे समजते का? चार माणसांत समजते का? नातीचे समजते का?' असे विचारावे. उत्तर नकारार्थी आले तर आधी जवळच्या डॉक्टरांकडून कान पाहून घ्यावा. कित्येकदा नुसता मळ असतो, तो निघाला की काम भागते. कान वाहत असेल तर उपचार वेगळे. क्षयाची किंवा इतर काही इंजेक्शने पूर्वी घेतली असतील तर तेही सांगावे, त्यांतील काहींनी कानाला इजा होते. एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येणे बंद झाले तर मळ असेल म्हणून वाट पाहत बसू नये, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. तिथे दिवस मोलाचे असतात.

आपल्या जिल्ह्यात या तपासणीसाठी लांब जावे लागत नाही. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय या दोन्ही ठिकाणी कान-नाक-घसा विभाग आहेत. दोन्ही कानांची पातळी ६० डेसिबल किंवा त्यापुढे गेली असेल तर २०१६ च्या कायद्याप्रमाणे दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकते. गरीब ज्येष्ठांना श्रवणयंत्र देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. तिची शिबिरे कधी भरतात याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

यंत्राबद्दल दोन शब्द. बाजारात तपासणीशिवाय, पाच-सातशे रुपयांत मिळणारे यंत्र सगळेच सूर सारखे वाढवते. ज्याचे जाड सूर आधीच नीट ऐकू येतात त्याच्या कानात पंखा, भांडी, मोटारसायकल सगळे एकदम मोठे होते आणि शब्द होता तसाच राहतो. आठ दिवसांत ते यंत्र कपाटात जाते आणि 'यंत्राचा काही उपयोग नाही' असे गावभर होते. तपासणीच्या आलेखाप्रमाणे लावलेले यंत्र जे सूर गेले तेवढेच वाढवते, आणि वरची मर्यादा ओलांडू देत नाही. तेही पहिल्या दिवशी आवडत नाही. रोज थोडा वेळ, आधी शांत खोलीत, मग चार माणसांत, असे महिना-दोन महिने लावावे लागते. महाग असते हे खरे. पण न ऐकू येणारा माणूस हळूहळू बैठकीत बसणे सोडतो, कीर्तनाला जाणे सोडतो, मग बोलणेच सोडतो. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांची यादी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०१७ पासून तीनदा प्रसिद्ध केली. तिन्ही वेळा तिच्यात कमी ऐकू येणे आहे.

आणि यंत्र असो वा नसो, बोलणाऱ्याने ओरडू नये. जवळ जावे, समोर उजेडात तोंड ठेवावे, टीव्ही आणि पंखा बंद करावा, सावकाश बोलावे. एक वाक्य दोनदा समजले नाही तर तेच तिसऱ्यांदा मोठ्याने म्हणण्याऐवजी शब्द बदलावा. 'साखर' नाही समजली तर 'चहा फिका प्या' म्हणावे. औषधाची गोष्ट असेल तर लिहून द्यावी. सेवाग्रामला बापू सोमवारच्या मौनात चिठ्ठ्यांवर लिहून किती कामे उरकत, हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको.

मी स्वतः एक सवय लावून घेतली आहे. चिठ्ठी लिहून झाली की पेन खाली ठेवतो, मान वर करतो, सांगतो आणि मग रुग्णालाच विचारतो. म्हातारबा परवा आले होते. आलेखाप्रमाणे लावलेले यंत्र एका कानात होते, दुसऱ्याचे अजून घ्यायचे आहे. मी विचारले, "मग काय बंद?"

"साखर," ते म्हणाले. "अन् भाकर दोन. जास्त मोठ्यानं नोका बोलू जी, आता समजते."